रतनगड ते हरिश्चंद्रगड, हिवाळ्यात पाठीवर सॅक घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की या वाटेबद्दलचे प्रश्न सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत येत राहतात. बहुतेक प्रश्न थंडीचे असतात. सह्याद्रीतल्या हिवाळी ट्रेकचं गणित मात्र थंडीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: दिवसाचा उजेड आणि वाटेतलं पाणी. दोन्ही रोज मोजून मिळतं. पुढची उत्तरं हेच डोक्यात ठेवून लिहिली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. ही वाट नेमकी कुठून कुठे जाते?

सुरुवात भंडारदरा धरणाच्या जलाशयाकाठी असलेल्या रतनवाडीतून. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर पाहून रतनगड चढायचा. गडाच्या शिड्या उतरून खालच्या जंगलात आलं की हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा लागतो. तो धरून कात्राबाईची खिंड ओलांडायची, कुमशेतला उतरायचं, मुळेचं खोरं पार करून पाचनई गाठायची आणि तिथून हरिश्चंद्रगड चढायचा. शेवटच्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरलं की माळशेज घाटाचा रस्ता जवळ येतो. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आणि त्याच्या आसपास आहे. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं.

२. किती दिवस लागतात? दोन रात्रींत होईल का?

चार दिवस, तीन रात्री ठेवा. पाठीवर सॅक असताना रतनवाडी ते रतनगड साधारण तीन तास, गडावरून कात्राबाईमार्गे कुमशेत पाच ते सहा तास, कुमशेत ते पाचनई तीन-चार तास, पाचनई ते हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर दोन-अडीच तास आणि तिथून टोलार खिंडीमार्गे खिरेश्वर चार-पाच तास लागतात. हे तास पायांचे आहेत. फोटो, जेवण, चुकलेली वाट हे सगळं त्यावर.

दोन रात्रींत बसवायचं असेल तर कुमशेत ते पाचनई हा टप्पा जीपने वळसा घालून करा. पायीच हट्ट धरला तर दुसऱ्या दिवशी नऊ-दहा तास चालणं होतं आणि शेवटचा तासभर अंधारात जातो. तो टाळाच.

३. डिसेंबर चांगला, की जानेवारी, की फेब्रुवारी?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा ओढ्यांत थोडं पाणी असतं, पावसाळ्यातला चिखल वाळलेला असतो आणि दुपारचं ऊन सोसवतं. जानेवारी संपता संपता ओढे आटतात. फेब्रुवारीत पाण्याचं ओझं वाढतं, गवत कडक वाळतं आणि वणव्याचा धोका सुरू होतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गवत पुरुषभर उंच असतं, त्यात पाऊलवाट दिसत नाही. डिसेंबरमध्ये तेच गवत आडवं होतं, पण त्याची कुसळं मोज्यांत शिरतात आणि दिवसभर टोचत राहतात. बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारे गेटर असतील तर चालणं फार सुखाचं होतं. गेटर नसतील तर जुन्या लेगिंगचा घोट्यापुरता तुकडा मोज्यांवर ओढून घ्या. कुसळं त्यात अडकतात, पायाला लागत नाहीत.

४. थंडी किती असते?

गडांवर पहाटे पारा एक आकडी अंशांवर येतो. वारा असेल तर त्याहून बराच गार वाटतो. पण अनेकांना चकवणारी गोष्ट वेगळी आहे. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन दरीत साचते. त्यामुळे खोऱ्यातल्या कुमशेतची पहाट गडावरच्या पहाटेपेक्षा जास्त बोचरी असू शकते. ‘गडावरची रात्र सोसली, आता गावात काय’ असं समजून गरम कपडे सॅकच्या तळाशी टाकू नका.

दुसरी गोष्ट दव. उघड्यावर ठेवलेले बूट, सॅक, तंबूचं कापड सकाळी निथळत असतं. बूट रात्री आत घ्या आणि तोंडं खाली करून ठेवा.

५. कपडे कोणते आणि किती?

चालतानाचा एक जोड आणि झोपतानाचा एक जोड, दोन्ही वेगळे. ही शिस्त पाळली तर बाकी सगळं सोपं होतं. चढताना डिसेंबरातही घाम फुटतो. घामाने ओला झालेला सुती टी-शर्ट संध्याकाळी पठारावरच्या वाऱ्यात अंगावर राहिला तर हुडहुडी भरते. रात्र त्याच कपड्यांत काढली तर सकाळी अंग जड होतं. म्हणून मुक्कामी पोहोचताच, चहाच्याही आधी, कोरडे कपडे चढवा.

यादी छोटी आहे: पटकन वाळणारे दोन टी-शर्ट, पूर्ण पँट, पातळ थर्मल, फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे तीन जोड. जीन्स आणू नका. ओली झाली की वाळत नाही आणि गुडघ्याला आवळते.

६. स्लीपिंग बॅग कशी घ्यावी? भाड्याची चालेल का?

५ अंशांपर्यंत ऊब देणारी बॅग पुरते. भाड्याची चालते, फक्त चेन आधी तपासा आणि आत घालायला एक स्वच्छ चादर न्या. पण बॅगेपेक्षा खालची मॅट महत्त्वाची. गुहेतला कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतो. महागडी बॅग आणि खाली नुसती प्लास्टिकची ताडपत्री अशी मांडणी करणारे रात्री दोनला उठून बसतात. जाड फोमची मॅट सॅकला बाहेरून बांधली तरी तिचं वजन जाणवत नाही.

७. सॅकचं वजन किती असावं?

पाणी धरून ९ किलोच्या आत. तंबू नेत असाल तर १०-११. शिड्यांवर आणि टोलार खिंडीच्या उतारावर यापेक्षा जड सॅक तोल घालवते. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या भागात ठेवा. मॅट आडवी बांधली तर ती कारवीच्या झुडपांत अडकते, उभी बांधा.

८. पाणी कुठे मिळतं आणि किती न्यायचं?

हा प्रश्न सर्वांत कमी लोक विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

रोज सकाळी निघताना माणशी ३ लिटर भरलेलं हवं. रतनगडावर पाण्याची टाकी (कातळात खोदलेले हौद) आहेत. त्यातलं कोणतं पिण्याजोगं आहे हे रतनवाडीतच विचारून घ्या, दरवर्षी फरक पडतो. रतनगड ते कुमशेत हा टप्पा कसोटीचा. जंगलातले ओढे डिसेंबरात वाहताना दिसतात. जानेवारीच्या उत्तरार्धात तेच ओढे कोरड्या दगडांच्या रांगा होतात. नकाशावर निळी रेघ आहे म्हणून तिथे पाणी असेल असं धरू नका. त्या दिवशी गडावरूनच सगळं पाणी घ्या. वाटेत मिळालं तर तो बोनस.

कुमशेत आणि पाचनई ही नांदती गावं आहेत, तिथे पाणी मिळतं. तरी उन्हाळा जवळ येईल तसं गावातल्या बायकांना पाण्यासाठी किती चालावं लागतं हे डोळ्यांसमोर ठेवा. पिण्यापुरतंच मागा, हातपाय धुण्याची चैन टाळा. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरात टाकी आहेत. तिथल्या सप्ततीर्थ पुष्करणीत आणि केदारेश्वराच्या गुहेत भांडी किंवा कपडे धुणं, साबण लावणं हा त्या जागेचा अपमान आहे.

टाक्याचं पाणी फडक्यातून गाळा. मग उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. थंडीत तहान लागत नाही, पण शरीरातलं पाणी कमी होतंच. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की थांबून पाणी प्या.

९. रोज किती वाजता निघायचं?

डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाताशी अकरा तास. दरीत आणि दाट जंगलात संध्याकाळी पाचनंतरच अंधारल्यासारखं होतं. आम्ही एक नियम पाळतो: दुपारी चारला मुक्काम समोर दिसत नसेल तर नवीन काही पाहायला थांबायचं नाही आणि पाचला चालणं संपलेलं हवं.

सकाळी सातला पहिलं पाऊल पडावं असं वाटत असेल तर साडेपाचला उठावं लागतं. थंडीत आवरायला दुप्पट वेळ लागतो. याला एक अपवाद आहे, तो प्र. ११ मध्ये पाहा.

१०. वाटाड्या घ्यावाच लागतो का? मोबाइलवर नकाशा आहे.

रतनगड आणि पाचनईहून हरिश्चंद्रगड या दोन्ही वाटा मळलेल्या आहेत, तिथे गरज नाही. कात्राबाईसाठी मात्र घ्या. त्या जंगलात ढोरवाटा फार आहेत. खरी वाट आणि गुरांची वाट सारखीच दिसते, आणि चुकलेली वाट कारवीच्या रानात नेऊन सोडते. नकाशा दिशा दाखवतो. मधे कडा आहे की सुट्या दगडमातीचा घसारा, हे त्या रानात रोज फिरणाऱ्यालाच ठाऊक असतं.

रतनवाडीतला माणूस कुमशेतपर्यंत सोडायला येतो. मोबदला आधी मोकळेपणाने ठरवा आणि त्यात त्याच्या परतीच्या दिवसाचा विचार करा. त्यालाही तेवढंच परत चालायचं असतं. वाटेत त्याचं जेवण आपल्यासोबत. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. झाडं, पाणवठे, जुन्या वाटा यांबद्दल त्यांच्याकडून जे ऐकायला मिळतं ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. वयस्कर वाटाड्याला ‘बाबा’ किंवा ‘मामा’ म्हणा, एकेरीवर येऊ नका.

११. रतनगडाच्या शिड्या थंडीत धोकादायक असतात का?

पहाटे असतात. लोखंडावर दव जमलेलं असतं, हात गारठलेले असतात आणि बुटाच्या तळाला ओली माती. गडावरून उतरताना थोडं थांबा, ऊन येऊन दांडे वाळू द्या. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी चालेल. सकाळी सातला निघण्याचा प्र. ९ मधला हिशेब या एका सकाळी बाजूला ठेवायचा. एका वेळी एकच माणूस शिडीवर आणि तोंड कातळाकडे. लोकरी हातमोजे दांड्यावर घसरतात, ते काढून ठेवा.

१२. मुक्काम तंबूत, गुहेत की गावात?

तिन्ही जमतं, पण अभयारण्यात रात्री राहणं आणि तंबू लावणं वनविभागाच्या परवानगीवर अवलंबून असतं आणि नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी राजूर किंवा भंडारदऱ्याच्या वन्यजीव कार्यालयात चौकशी करा. प्रवेश नाक्यावर शुल्क भरून पावती घ्या.

गुहेत राहायला मिळालं तर तोंडापाशी झोपू नका, तिथून वारा घुसतो. रतनगडाच्या परिसरात माकडं आहेत. खाऊ सॅकमध्ये बंद करून डोक्याशी ठेवा. कुमशेतला आम्ही नेहमी घरातच राहतो. सारवलेली जमीन, चुलीची ऊब, गरम भाकरी आणि पिठलं. थंडीच्या रात्री यापेक्षा चांगला मुक्काम नाही, आणि पैसे गावात राहतात.

१३. गडावर राहायला मनाई असेल तर सगळा बेत रद्द करायचा का?

नाही. मुक्काम गावांत ठेवूनही ही वाट होते. आदल्या रात्री रतनवाडीत राहा, पहाट फुटताच गड चढा, वर दोन तासांहून जास्त थांबू नका आणि तसेच कात्राबाईमार्गे कुमशेतला उतरा. दिवस मोठा होतो, त्यामुळे हा पर्याय चालायची सवय असलेल्यांसाठीच. दुसऱ्या दिवशी निवांत पाचनई. तिसऱ्या दिवशी लवकर गड चढून, मंदिर आणि कोकणकडा (गडाचा पश्चिमेकडचा कडा) पाहून संध्याकाळी पाचनईलाच परत या. टोलार खिंडीची उतराई त्या दिवशी जोडू नका.

१४. शेकोटी पेटवता येते का?

गडावर आणि जंगलात नाही. अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. वाळलेल्या गवताच्या पठारावर एक ठिणगी डोंगर जाळते. लेण्यांत आणि गुहांत पेटवलेल्या चुलींनी छत काळं होतं ते कायमचंच. शिवाय कड्यांवर आग्यामोहोळं असतात. धूर गेला की माश्या उठतात, आणि त्यांच्यापासून पळायला डोंगरात जागा नसते. अत्तर, डिओ हेही याच कारणासाठी घरी ठेवा. गावात यजमानांच्या अंगणातली शेकोटी वेगळी. ती ते पेटवतील, आपण बसायचं.

१५. छोटा गॅस आणि कॅन लोकलने नेला तर चालतो का?

नाही. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेण्यास मनाई आहे, कॅन कितीही लहान असला तरी. एसटीतही नेऊ नका. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनीच स्टोव्ह आणावा. तोही आणलात तर एक अडचण येते: साध्या ब्यूटेनचा दाब थंडीत कमी होतो आणि पहाटे ज्योत मिणमिणते. कॅन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

१६. मग खायचं काय?

रात्रीचं जेवण गावात किंवा हरिश्चंद्रगडावर स्थानिक लोक देत असतील तिथे. आगाऊ सांगून ठेवा. दिवसासाठी न शिजवता चालणारं न्या: दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, चिक्की, भाजके चणे. दशम्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या असतात, थंडीत तीन दिवस सहज टिकतात. केळी आणू नका, सॅकमध्ये चिरडतात. गावात रोख पैसे लागतात. रेंज नसेल तिथे फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून सुट्ट्या नोटा ठेवा.

१७. मुंबई-पुण्याहून कसं पोहोचायचं आणि परत कसं यायचं?

मुंबईकरांनी पहिल्या लोकलपैकी एखादीने कसारा गाठावं. तिथून जीप घोटीमार्गे शेंडीला किंवा ठरवून थेट रतनवाडीला नेते. पुणेकरांना संगमनेर-अकोलेमार्गे राजूर आणि तिथून पुढे शेंडी-रतनवाडी सोयीचं. परतीला खिरेश्वरहून खुबी फाट्यावर या. हा कल्याण-आळेफाटा रस्ता आहे. एका बाजूने कल्याणला आणि दुसऱ्या बाजूने आळेफाट्यावरून पुण्याला जाणाऱ्या गाड्या मिळतात. सुरुवात आणि शेवट वेगळ्या ठिकाणी असल्याने स्वतःची गाडी आणली तर ती परत आणायलाच एक दिवस जातो.

१८. टोलार खिंडीकडे उतरताना लोक वाट चुकतात असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. मंदिरापासून खिंडीपर्यंतच्या पठारावर एकसारख्या टेकड्या आहेत, आणि धुक्यात एक टेकडी दुसरीपेक्षा वेगळी ओळखू येत नाही. हिवाळ्यात धुकं सकाळी असतं, नऊ-दहापर्यंत निवळतं. तोवर निघू नका. पठारावर वाट हरवली असं वाटलं तर उतार दिसेल तिकडे जाऊ नका, तिथे कडे आहेत. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. पुढे खिंडीवरचा कातळटप्पा रेलिंग धरून सावकाश उतरायचा. खिंडीत दगडावरचं व्याघ्रशिल्प दिसलं की वाट बरोबर.

१९. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढावा का? तीच खरी मजा म्हणतात.

या ट्रेकमध्ये नाही. बेलपाड्याहून येणारी ती वाट प्रस्तरारोहणाची आहे. सुटे दगड, दोर आणि अनुभवी नेता लागतो. चार दिवसांची सॅक पाठीवर असताना तिकडे वळू नका. तिच्यासाठी वेगळा बेत आखा.

२०. हिवाळ्यात कोकणकड्यावरून इंद्रवज्र दिसतं का?

इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारं गोल इंद्रधनुष्य. पावसाळ्याइतकं नाही, पण शक्य आहे. दरीत धुकं आणि आपल्या पाठीमागे कोवळा सूर्य, अशा दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून संधी सकाळची, आपली सावली समोरच्या धुक्यावर पडते तेव्हाची. पण त्यासाठी कड्याच्या कडेला जाऊ नका. कडा खालून आत गेलेला आहे, आपण उभे असतो त्या दगडाखाली काय आहे ते वरून दिसत नाही. पोटावर झोपून डोकावणं हीच पद्धत, आणि पाय धरायला मागे माणूस हवा.

२१. साप आणि बिबट्या यांची भीती वाटते.

थंडीत साप कमी दिसतात, पण घोणस हिवाळ्यातही हिंडते. वाळलेल्या पाल्यात हात घालू नका, अंधारात टॉर्चशिवाय आडोशाला जाऊ नका. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी हे काहीही करू नका. अवयव हलू न देता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि १०८ ला (रुग्णवाहिकेला) कळवून राजूर किंवा अकोले इथल्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. बिबट्या या रानात आहे. गट एकत्र ठेवला आणि खरकटं इकडेतिकडे टाकलं नाही तर तो सहसा जवळ येत नाही.

२२. आम्ही चौघी मैत्रिणी आहोत, कोणी पुरुष सोबत नाही. जावं का?

जा. मुक्काम कुमशेत आणि पाचनईला घरगुती ठेवा, घरातल्या मावशींशी आदल्या दिवशी फोनवर बोलून घ्या आणि वाटाड्याही त्यांच्याच ओळखीतला सुचवायला सांगा. पाळी असेल तर वापरलेले पॅड कागदात, मग घट्ट पिशवीत, आणि पिशवी परत शहरात. रानात पुरू नका, जनावरं उकरतात.

२३. दहा वर्षांच्या मुलाला आणू का?

चारही दिवसांसाठी नको. पाचनई ते हरिश्चंद्रगड ही एका मुक्कामाची सोपी आवृत्ती त्याच्यासोबत आधी करा. तिथे तो मजेत चालला तर पुढच्या हिवाळ्यात ही वाट.

२४. मध्येच कोणी आजारी पडलं किंवा अवकाळी पाऊस आला तर बाहेर कसं पडायचं?

पहिल्या दिवशी रतनवाडीला परत. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीच्या अलीकडे असाल तर मागे, पलीकडे असाल तर कुमशेतला. कुमशेत आणि पाचनई दोन्हींना गाडीरस्ता आहे, तिथून राजूरला नेता येतं. अवकाळी पावसात कातळ आणि वाळलेलं गवत दोन्ही निसरडी होतात, खिंड ओलांडण्याचा विचार सोडा.

कोणी थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, गोंधळल्यासारखं वागत असेल तर चालणं ताबडतोब थांबवा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, बॅगेत झोपवा, खाली मॅट द्या आणि गिळता येत असेल तरच गोड, कोमट पाणी पाजा. थरथर थांबली पण माणूस सुस्त होत गेला तर ती सुधारणा नव्हे, प्रकृती बिघडते आहे.

मदतीसाठी ११२ आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये साठवा आणि कागदावरही लिहून घ्या. रेंज नसेल तर एकाने रुग्णापाशी थांबायचं, दोघांनी जवळच्या वाडीकडे जायचं. म्हणूनच गट चौघांपेक्षा लहान नको, आणि एकट्याने जाणाऱ्यांना आमचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं.

२५. ३१ डिसेंबरला जाऊ का?

त्या रात्री हरिश्चंद्रगडावर गर्दी फार होते. पाण्याच्या टाक्यांवर ताण येतो आणि नाक्यांवर दारूसाठी सॅका तपासल्या जातात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार निघालात तर तीच वाट जवळजवळ तुमची एकट्यांची असेल. पाण्याचा अंदाज मात्र प्र. ८ प्रमाणे गावात पुन्हा विचारून घ्या.